उपयोजित वर्तन विश्लेषण (स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांचे शिक्षण)

वर्तनाआधी काय घडते आणि वर्तनानंतर मुलाच्या पदरात काय पडते, याची काटेकोर नोंद ठेवून कौशल्ये शिकविण्याची पद्धती. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची साधक अभिसंधानाची (परिणामानुसार वर्तन वाढते वा घटते, अशी) उपपत्ती हा तिचा पाया. कृतीचे लहान टप्पे पाडणे, दिलेली मदत क्रमाने काढून घेणे आणि जमताच प्रबलन (वर्तन पुन्हा घडावे म्हणून आवडीची वस्तू वा शाबासकी) देणे, ही तिची परिचित अंगे.

तिच्या आरंभाबद्दल एकमत नाही. बेअर, वुल्फ व रिस्ली यांनी १९६८ मध्ये या शाखेची सात लक्षणे मांडली. बहुतेक पाठ्यपुस्तके तेच वर्ष धरतात. काही अभ्यासक फर्स्टर व डीमायर यांच्या १९६१ च्या प्रयोगांपर्यंत मागे जातात. तेथे स्वमग्न मुले नाणी टाकून यंत्रातून खाऊ मिळवीत. मात्र त्या प्रयोगांत मुलाच्या रोजच्या गरजेचे असे काही शिकविलेले नव्हते. त्या दृष्टीने वुल्फ, रिस्ली व मीस यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेला वृत्तांत अधिक ग्राह्य वाटतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा न लावल्यास दृष्टी जाण्याचा धोका असलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला त्यांनी आधी नुसती चौकट हाताळायला, मग ती डोळ्यांजवळ न्यायला आणि अखेरीस चष्मा लावायला शिकविले.

मानसशास्त्रज्ञ ओ. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासात आठवड्याला ४० तास शिकविलेल्या १९ पैकी ९ मुलांची बुद्धिमापने सर्वसाधारण पातळीवर आली. ही संख्या आजही जाहिरातींत दिसते. गटांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती आणि मांडीवर चापट मारणे हाही उपचाराचा भाग होता, हे तेथे सहसा नसते. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात २१९ मुलांवरील पाचच अभ्यास बसले. त्यांतून मिळालेला पुरावा दुर्बळ ठरला. हात फडफडविण्यासारख्या निरुपद्रवी हालचाली दडपल्या जातात, हा प्रौढ स्वमग्न व्यक्तींचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

गोवा : केंद्राच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान आहे. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेचा सहभाग असलेला व गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील चाचणीचा २०१६ मधील वृत्तांत कधीकधी या पद्धतीच्या खाती घातला जातो. ते बरोबर नाही. त्यात पालकांमार्फत संवाद वाढविण्याचा वेगळा उपक्रम होता आणि तो विशेषज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी राबविला.

घरी कोंकणी आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी, अशा मुलाला मागणीचे पहिले शब्द घरच्या भाषेत शिकविणे सोयीचे; कारण शब्दाला प्रतिसाद तेथेच वारंवार मिळतो. पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंगा ऐकून धावणाऱ्या मुलाने ‘उंडो’ (गोल पाव) म्हणताच हाती उंडोच पडला, तर वेगळे बक्षीस लागत नाही.

वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतील नवे अर्ज घेणे थांबविले आहे. त्यामुळे शिकविणाऱ्याची पात्रता तपासताना पालकांनी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहावी. ती या पद्धतीपुरती नसते, एवढे ध्यानात ठेवावे.