४-४-२ या आकड्यांच्या मागे: फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधील व्यूहरचनेची पार्श्वभूमी

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सामना सुरू होण्याआधी जो पडदा समोर येतो, त्यावर हिरव्या मैदानाच्या चित्रात अकरा ठिपके मांडलेले असतात आणि शेजारी ४-४-२, ४-३-३, ३-५-२ अशी यादी असते. गोलरक्षक सोडून बचावात किती, मधल्या फळीत किती आणि आघाडीत किती, ते हे आकडे सांगतात. नवखा खेळणारा आपल्या आवडत्या संघाची रचना निवडतो आणि पुढे जातो. ही यादी मुळात एका साध्या अडचणीतून आली आहे. कंट्रोलर हातात असलेल्या माणसाला एका वेळी एकच खेळाडू पळवता येतो. त्यामुळे गोलरक्षक सोडला, तर उरलेल्या नऊ जणांनी त्या क्षणी कुठे असावे, हे यंत्राला आधीच सांगून ठेवावे लागते.

आकडे अर्थातच खऱ्या मैदानावरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये २-३-५ ही रचना रूढ होती. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. त्यावर आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक खेळाडू बचावात ओढून ‘डब्ल्यू-एम’ ही मांडणी रुळवली; तिच्यातले खेळाडू रेषांनी जोडले की W आणि M ही इंग्रजी अक्षरे दिसत. १९५८ चा विश्वचषक ब्राझीलने ४-२-४ खेळून जिंकला. त्यानंतर बचावफळीपासून मोजत जाण्याची ही पद्धत जगभर घरोघरी पोहोचली.

संगणकावर मात्र ती लगेच आली नाही. केव्हिन टॉम्स यांच्या १९८२ च्या ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये व्यूहरचनेची यादीच नव्हती. बचाव, मधली फळी आणि आक्रमण यांचे बळ आकड्यांत दिसे; अकरा जण निवडताना मिडफिल्डर जास्त घेतले की मधल्या फळीचा आकडा वाढे आणि दुसरा कुठला तरी घटे. रचना होती, पण ती बेरजेत लपलेली होती.

डिनो डिनी यांच्या १९८९ च्या ‘किक ऑफ’मध्ये काही ठरावीक रचनांमधून निवड करता येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘प्लेअर मॅनेजर’ने स्वतःचे डावपेच आखण्याची सोय दिली, ते डावपेच ‘किक ऑफ २’मध्ये नेऊन वापरताही येत. या कल्पनेला सर्वांत नेटके रूप मिळाले ते माझ्या मते सेन्सिबल सॉफ्टवेअरच्या १९९४ च्या ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’मध्ये. त्यात मैदानाचे ३५ भाग पाडलेले होते. चेंडू एका भागात ठेवायचा आणि तो तिथे असताना कोणी कुठे उभे राहायचे, ते दहाही खेळाडूंसाठी ठरवायचे. मग चेंडू पुढच्या भागात सरकवून पुन्हा तेच. म्हणजे एका डावपेचात ३५० जागा झाल्या, आणि त्या साऱ्या ३७० बाइटच्या एका फाइलीत मावत. चेंडू आपल्या उजव्या कोपऱ्यात असताना डावा फुल-बॅक (कडेचा बचावपटू) आत सरकावा की रेषेला धरून राहावा, हा प्रशिक्षकाला पडणारा प्रश्न तिथे घरबसल्या खेळणाऱ्यालाही पडे. ‘४-४-२’ हे नाव अशा तक्त्याला लावले, तरी ते फक्त त्यातल्या एखाद्या चौकोनापुरते खरे असते, हे डावपेच आखण्याच्या त्या पडद्यावर पाच मिनिटे घालवली की कळत असे. आजच्या कित्येक चकचकीत गेमना हे इतक्या थोड्यात सांगता आलेले नाही.

दुसरी वाट व्यवस्थापनाच्या गेमची. तिथे एकही खेळाडू हाताने हलवता येत नसल्यामुळे अकराच्या अकरा जणांना सूचनाच द्याव्या लागतात. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये आला. कितीतरी वर्षे त्यातला सामना म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या समालोचनाच्या ओळी होत्या. वरून दिसणारे मैदान आणि त्यावर फिरणारे ठिपके २००३ मधल्या चौथ्या आवृत्तीत अवतरले. मधल्या काळात खेळाडूच्या ठिपक्याला बाण जोडण्याची सोय आली होती. तिचा उपयोग झाला तसा गैरवापरही झाला. मधल्या फळीतल्या एकाला लांब बाण देऊन थेट आघाडीत घुसवले, की त्याला कोणी धरायचे हे समोरच्या बचावफळीला उमगत नसे. असे हमखास जिंकून देणारे डावपेच हातोहात पसरले. त्यांत फुटबॉलचे ज्ञान कमी आणि यंत्राच्या आंधळ्या कोपऱ्याचा शोध जास्त होता.

बाणांची जागा पुढे सरकपट्ट्यांनी घेतली. प्रकाशकाशी फारकत झाल्यावर हीच मंडळी २००४ पासून ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने गेम काढू लागली (टॉम्स यांच्या जुन्या गेमशी साम्य फक्त नावाचे). मानसिकता, वेग, दडपण अशा गोष्टी वीस खुणांच्या पट्टीवर ठरवायच्या असल्यामुळे कोणाची मानसिकता बारावर ठेवावी आणि कोणाची तेरावर, याची पानेच्या पाने चर्चा होई. पण कोणताही प्रशिक्षक खेळाडूला ‘आज तेरावर खेळ’ असे सांगत नाही. म्हणून २०१० च्या आवृत्तीत भूमिका आणि जबाबदाऱ्या आल्या. त्या भूमिकांपैकी काहींची नावे इटालियन, स्पॅनिश किंवा थेट खेळाडूंच्या तोंडची होती. ‘राऊमडॉयटर’, म्हणजे मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा, हा शब्द बायर्न म्युनिकच्या थॉमस म्युलर यांनी स्वतःबद्दल वापरला होता. तो पुढे गेममधली भूमिका झाला.

इए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या कंपनीच्या ‘फिफा’ मालिकेत या गोष्टीला वेगळेच वळण लागले. २००९ मध्ये सुरू झालेल्या, खेळाडूंची कार्डे जमवून आणि गेममधल्या बाजारात विकत घेऊन संघ बांधायच्या ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात सुरुवातीची काही वर्षे प्रत्येक खेळाडूच्या कार्डावर त्याची पसंतीची रचना छापलेली असे. परिणामी तोच खेळाडू ४-१-२-१-२ छापलेला असला, तर बाजारात महाग मिळे. व्यूहरचनेला खरोखरीचा भाव आला होता म्हणा! ‘फिफा १४’मध्ये ही छाप गेली, तरी शेजारच्या खेळाडूंशी देश, क्लब किंवा लीग जुळवून ‘केमिस्ट्री’, म्हणजे संघाच्या ताळमेळाचे गुण, भरण्याची पद्धत राहिली. त्यामुळे धागे जुळतील अशा रचनेत संघ मांडायचा आणि सामना सुरू होताच तो दुसऱ्याच रचनेत फिरवायचा, ही सगळ्यांना ठाऊक असलेली लबाडी रूढ झाली. २०१८ मधल्या ‘फिफा १९’ने तर बचावात्मक ते आक्रमक अशा प्रत्येक पवित्र्याला वेगळी रचना लावून ती सामन्यात बटणावर बदलण्याची सोयच करून दिली. पुढे ‘फिफा २३’मध्ये शेजाऱ्यांचे धागे काढून टाकण्यात आले आणि ‘एफसी’ असे नवे नाव घेतलेल्या याच मालिकेतल्या ‘एफसी २५’ने खेळाडूंच्या भूमिका मध्यभागी आणल्या, व्यवस्थापनाच्या गेमनी जो मुक्काम चौदा-पंधरा वर्षांपूर्वी गाठला होता, तिथे हा गेम तेव्हा पोहोचला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २६’मध्ये चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची अशा दोन रचना वेगवेगळ्या मांडता येतात. बचावात ४-४-२ ठेवायचे आणि चेंडू मिळाला की एका बचावपटूला मधल्या फळीत चढवून ३-२-२-३ करायचे, हे तिथे माऊसने ठिपके ओढून करता येते. मँचेस्टर सिटीचे जॉन स्टोन्स २०२३ मध्ये बचावातून असेच मधल्या फळीत चढत असत, आणि त्या ३-२-२-३ चे ठिपके जोडले तर जो आकार दिसतो, तो चॅपमन यांचा डब्ल्यू-एम आहे.