क्रेडिट कार्ड : उगम, व्याजाचा हिशेब आणि गोव्यातील वापर

क्रेडिट कार्ड (पतपत्र) : ठरावीक मर्यादेपर्यंत उधारीवर खरेदी करण्याची मुभा देणारे बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कार्ड. डेबिट कार्डाने खात्यातले स्वतःचे पैसे खर्च होतात, तर क्रेडिट कार्डाने कार्ड देणाऱ्या बँकेचे. खरेदी झाली की दुकानदाराला त्याची बँक सेवाशुल्क कापून रक्कम देते, ती बँक कार्ड देणाऱ्या बँकेकडून वसूल करते आणि कार्ड देणारी बँक महिन्याच्या बिलाने ग्राहकाकडून. या बँकांना जोडण्याचे काम व्हिसा, मास्टरकार्ड, रूपे यांसारखी जाळी करतात. या एका कार्डात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : पैसे चुकते करण्याचे साधन आणि फिरते कर्ज, म्हणजे बिल पूर्ण न भरता बाकी व्याजासह पुढच्या महिन्यात नेण्याची मुभा. ‘पहिले कार्ड कोणाचे’ हा वाद त्यांच्या सरमिसळीतून निघतो आणि कार्डधारकांच्या बहुतेक अडचणीही तिथेच सुरू होतात. म्हणून या नोंदीत हा भेद शेवटपर्यंत धरला आहे.

उगम : १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी कादंबरीत क्रेडिट कार्डाची कल्पना आढळते, तिचा उल्लेख बहुतेक संदर्भग्रंथ करतात. त्या कार्डाने मात्र नागरिक राष्ट्रीय उत्पन्नातला आपला ठरलेला वाटा खर्च करतो. त्यात कर्ज नाही, त्यामुळे त्याला आजच्या कार्डाचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून होईल. प्रत्यक्ष व्यवहारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील मोठी दुकाने आणि हॉटेले आपल्या खातेदारांना क्रमांक कोरलेली धातूची बिल्ले-नाणी देत. १९२८ च्या सुमारास ‘चार्गा-प्लेट’ ही नाव-पत्ता उठावाने कोरलेली छोटी धातूची पट्टी आली आणि विक्रीच्या पावतीवर तिचा ठसा घेतला जाऊ लागला. १९३० च्या दशकात विमान कंपन्यांनी प्रवासासाठी असेच कार्ड काढले. ही सारी साधने एका दुकानापुरती किंवा एका व्यवसायापुरती होती. विकणारा आणि उधार देणारा एकच होता.

तिसरा पक्ष मध्ये आला तो १९४६ मध्ये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील फ्लॅटबुश नॅशनल बँकेतील जॉन बिगिन्स यांनी ‘चार्ज-इट’ ही योजना सुरू केली. आसपासच्या मोजक्या दुकानांतील खरेदीचे पैसे बँक दुकानदाराला देई आणि आपल्या खातेदाराकडून वसूल करी. १९५० मध्ये फ्रँक मॅकनमारा आणि राल्फ श्नायडर यांच्या डायनर्स क्लबने हेच तत्त्व शहरभरातील उपाहारगृहांना लावले. कार्ड पुठ्ठ्याचे होते, उपाहारगृहाकडून बिलाच्या सुमारे ७ टक्के घेतले जात आणि ग्राहकाला महिन्याचे बिल पूर्ण भरावे लागे. मॅकनमारा जेवायला गेले असता पाकीट घरी विसरले आणि त्यातून ही कल्पना सुचली, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती प्रसिद्धीसाठी रंगवली गेली असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते अधिक सयुक्तिक वाटते.

न्यूयॉर्क राज्यातील फ्रँकलिन नॅशनल बँकेने १९५१ च्या सुमारास काढलेले कार्ड ‘पहिले बँक-कार्ड’ म्हणून काही ग्रंथांत नोंदले आहे. पण थकबाकी पुढच्या महिन्यात ओढण्याची मुभा मोठ्या प्रमाणावर दिली ती बँक ऑफ अमेरिकाने. १८ सप्टेंबर १९५८ रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात या बँकेने सुमारे ६०,००० ‘बँकअमेरिकार्ड’ न मागता टपालाने घरोघरी पाठवली. बँकेने ४ टक्के खाती थकतील असा अंदाज केला होता, प्रत्यक्षात सुमारे २२ टक्के थकली. योजना तरली आणि १९७६ मध्ये तिला व्हिसा हे नाव मिळाले. त्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकन एक्स्प्रेसचे कार्ड आले, पण त्याचे बिल पूर्ण भरावे लागे. प्रतिस्पर्धी बँकांनी १९६६ मध्ये केलेल्या संघटनेतून पुढे मास्टरकार्ड उभे राहिले.

थोडक्यात, त्रिपक्षीय देयकाचे साधन हा निकष धरला तर मान चार्ज-इटकडे किंवा डायनर्स क्लबकडे जातो, फिरते कर्ज हा निकष धरला तर बँकअमेरिकार्डाकडे. दुसरा निकष अधिक ग्राह्य मानावा, कारण आज कार्डाला ‘क्रेडिट’ हे विशेषण ज्या गुणामुळे लागते तो गुण तोच आहे.

भारतात : येथेही तोच पेच आहे. डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ च्या सुमारास भारतात आले. ते पूर्ण बिल भरण्याचे कार्ड होते आणि उद्योगपती व परदेशी जाणाऱ्यांपुरते मर्यादित राहिले. बँकेचे पहिले कार्ड म्हणून काही लेखक सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ‘सेंट्रलकार्ड’ (१९८०) सांगतात, तर काही आंध्र बँकेचे कार्ड (१९८१). तारखा पाहता सेंट्रल बँकेचा दावा वरचढ दिसतो. १९९० मध्ये सिटीबँक आणि १९९८ मध्ये स्टेट बँक या क्षेत्रात उतरल्यावर कार्ड पगारदार मध्यमवर्गाच्या हाती आले. पत-माहिती गोळा करणारी ‘सिबिल’ ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. ‘रूपे’ हे देशी जाळे २०१२ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले. देशातील चालू क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या आरंभी १० कोटींच्या पुढे गेली.

गोव्यात : महिन्याच्या बिलाची कल्पना गोव्याला नवी नव्हती. पोदेराचा (पाववाल्याचा) पावाचा हिशेब महिनाअखेरीस, पसरकाराच्या (किराणा दुकानदाराच्या) वहीतली उधारी पगारावर किंवा काजू-नारळाचे पैसे आल्यावर फेडण्याची रीत गावोगाव होती आणि काही वाड्यांवर आजही आहे. या उधारीवर उघड व्याज नसे आणि तारण म्हणजे ओळख. मोठ्या गरजेला सोने गहाण पडे. पोर्तुगीज अमलात गोव्यातील अधिकृत बँक असलेल्या बँको नासिओनाल उल्त्रामारिनोकडे अनेक कुटुंबांचे दागिने तारण होते. डिसेंबर १९६१ मधील मुक्तीच्या तोंडावर ते लिस्बनला हलवले गेले आणि १९९१ मध्ये परत आले. तारणाशिवाय, केवळ कागदोपत्री पत पाहून कर्ज, ही कार्डाने आणलेली गोष्ट त्या पार्श्वभूमीवर किती वेगळी होती हे यावरून लक्षात येते.

कार्ड गोव्यात रुजले ते पर्यटनामुळे, प्रथम पंचतारांकित हॉटेलांत आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी चार्टर विमाने येऊ लागल्यावर कळंगुट-कोलव्याच्या किनारपट्टीवर. त्या काळी काउंटरवर कार्ड दाबण्याचे हातयंत्र असे. कार्ड त्यात बसवून वर कार्बनची पावती ठेवायची आणि दांडा एकदा पुढे, एकदा मागे सरकवायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे पावतीच्या सर्व प्रतींवर उमटत. एक प्रत ग्राहकाला, एक दुकानात, एक बँकेत. ठरावीक रकमेच्या वर फोन करून मंजुरी घ्यावी लागे आणि रद्द झालेल्या कार्डांची छापील यादी चाळावी लागे. कार्डावरच्या आकड्यांचा उठाव या यंत्रासाठी होता, म्हणूनच बहुतेक नव्या कार्डांवर तो राहिलेला नाही.

आता किनाऱ्यावरच्या शॅकपासून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत क्यूआर कोड पोचला आहे. यूपीआयला जोडलेले रूपे क्रेडिट कार्ड तिथे चालते, मात्र कोड व्यापारी म्हणून नोंदलेला हवा. मासळीवाल्या बाईच्या वैयक्तिक खात्याचा कोड असेल तर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत, बचत खात्यातून जातात. हॉटेलात उतरताना अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून धरण्याची पद्धत आहे. ती खर्चात धरली जात नाही, पण मर्यादा तेवढी अडकते. खोली सोडताना ती मोकळी करून घेतली की नाही हे विचारावे.

व्याजाचा हिशेब : या भागाविषयी माहितीपत्रके सर्वांत कमी बोलतात, म्हणून येथे तो विस्ताराने दिला आहे. समजा बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. चवथ (गणेशचतुर्थी) ऑगस्टअखेर आली आहे आणि २० ऑगस्टला कार्डाने ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. मागची बाकी काही नाही. बिल १५ सप्टेंबरला येईल आणि ५ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण ३०,००० भरले तर व्याज शून्य. म्हणजे ४६ दिवस पैसे फुकट वापरायला मिळाले. हीच खरेदी १६ ऑगस्टला केली असती तर ५० दिवस मिळाले असते, १५ सप्टेंबरला केली असती तर फक्त २०. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ या जाहिरातीचा अर्थ ‘जास्तीत जास्त पन्नास’ असा असतो.

आता ५ ऑक्टोबरला केवळ ‘किमान देय रक्कम’, समजा ५ टक्के म्हणजे १,५०० रुपये, भरली असे धरू. बिनव्याजी मुदत इथे संपते, आणि संपते ती मागच्या तारखेपासून. दरमहा ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला तर ३०,००० वर २० ऑगस्टपासूनच्या ४६ दिवसांचे व्याज सुमारे १,५८८ रुपये होते. उरलेल्या २८,५०० वर १५ ऑक्टोबरपर्यंतच्या १० दिवसांचे सुमारे ३२८. एकूण १,९१६ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३४५. पुढचे बिल येईल ३०,७६१ रुपयांचे. दीड हजार भरूनही देणे मूळ किमतीपेक्षा वाढलेले असते. कर्ज असे फुगत राहू नये अशी किमान रकमेची आखणी करावी, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. त्यामुळे पुढच्या बिलातील किमान रकमेत हे व्याज व कर धरले जातात आणि ती पहिल्या दीड हजारापेक्षा बरीच मोठी दिसते.

याहून महाग पडणारी गोष्ट पुढची. बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. १८ ऑक्टोबरला भरलेल्या पेट्रोलवर १८ ऑक्टोबरपासूनच व्याज चढते. म्हणून एकदा बाकी राहिली की ती फिटेपर्यंत रोजची खरेदी त्या कार्डावर करू नये. एटीएममधून कार्डावर रोख काढल्यास बिनव्याजी मुदत मुळातच नसते, शिवाय वेगळे शुल्क पडते.

व्याजाच्या दरावर कायदेशीर मर्यादा असावी का, हा प्रश्न न्यायालयातही गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे नियामकाचे, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे, क्षेत्र आहे, ही त्यामागची भूमिका. परिणामी आज ग्राहकाचे खरे संरक्षण पूर्ण बिल वेळेवर भरण्यातच आहे, हे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते.

हप्ते : चवथीच्या हंगामात दुकानांत मिळणारे ‘नो कॉस्ट ईएमआय’ (बिनव्याजी म्हणवले जाणारे मासिक हप्ते) यांत बहुधा व्याज असतेच, तेवढीच सवलत किमतीत देऊन ते वजा केलेले असते. रोख घेणाऱ्याला ती सवलत मिळते का, हे आधी विचारावे. व्याजाच्या भागावर जीएसटी आणि प्रक्रिया-शुल्क बहुतेक वेळा लागतेच.

सुरक्षा व हक्क : चुंबकीय पट्टीची नक्कल सहज होत असल्याने भारतात २०१८ च्या अखेरपर्यंत चिपची कार्डे सक्तीची झाली. ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी (उदा. ओटीपी) २००९ पासून लागते, तर स्पर्शाविना आणि पिनविना व्यवहारांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये आहे. ज्या फसवणुकीत ना ग्राहकाची चूक ना बँकेची, ती बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर बोजा येत नाही. चार ते सात दिवस लागल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा बोजा येऊ शकतो. ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. न मागता कार्ड पाठवण्यास मनाई आहे.

तारवटी कुटुंबे : परदेशी जहाजांवर काम करणाऱ्या गोमंतकीयांसाठी दोन बाबी महत्त्वाच्या. भारतीय कार्ड परकीय चलनात वापरले की साधारणपणे दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. परदेशातील यंत्राने ‘रुपयांत आकारू का’ असे विचारल्यास नकार द्यावा, कारण त्या रूपांतराचा दर बहुधा अधिक महाग असतो. दुसरी बाब बिलाची. माणूस समुद्रावर आणि घरी पुरवणी कार्ड (त्याच्याच खात्यावर कुटुंबीयाला दिलेले जादा कार्ड), अशा स्थितीत बिल खात्यातून आपोआप भरण्याची सोय करावी. त्या अर्जात ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात. त्यातला पूर्ण रकमेचाच निवडावा. पुरवणी कार्डावरचा खर्च मूळ कार्डधारकाच्या नावे आणि त्याच्याच पत-अहवालात (सिबिलसारख्या संस्थेकडील कर्जफेडीच्या नोंदीत) जातो.

कार्ड बंद करणे : सर्व बाकी चुकती करून अर्ज दिल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे संस्थेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. खरेदीवर जमलेले बक्षीस-गुण (रिवॉर्ड पॉइंट) अर्जाआधी वापरून घ्यावेत आणि पुढच्या महिन्यात पत-अहवालात ते खाते बंद दिसते का, हे तपासावे.