गवतकामासाठी जुना ट्रॅक्टर घेताना आधी पीटीओ पाहा, मग एचपी

जुना ट्रॅक्टर पाहायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा "किती एचपी?" असाच असतो. नांगरणीसाठी घ्यायचा असेल तर तो प्रश्न योग्य आहे. पण गवत कापायला (मोअर), उलटायला (टेडर), ओळीत ओढायला (रेक) आणि त्याचे गठ्ठे बांधायला (बेलर) ट्रॅक्टर हवा असेल, तर आम्ही आधी विचारतो, मागे कोणतं यंत्र जोडणार? गवताच्या कामात ट्रॅक्टर ओढतो कमी आणि फिरवतो जास्त. त्याची बरीचशी ताकद पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या, दांड्यातून यंत्राकडे जाते. म्हणून पाहणीसुद्धा त्या दांड्यापासूनच सुरू करावी.

क्लच दाबल्यावर बेलर थांबतो का?

जुन्या ट्रॅक्टरांत पीटीओ तीन तऱ्हेचा सापडतो. सगळ्यात जुन्या तऱ्हेत तो गिअरबॉक्समधूनच फिरतो. क्लच दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही. १९४७ ते १९५२ या काळात बनलेला फोर्ड ८एन या तऱ्हेचा. दुसरा लाइव्ह पीटीओ. यात पायाखालचा क्लच दोन टप्प्यांचा असतो. अर्धा दाबला तर फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबला तर पीटीओही थांबतो. तिसऱ्या तऱ्हेत पीटीओला स्वतःचा वेगळा क्लच आणि वेगळी लिव्हर असते. पायाच्या क्लचशी त्याचा संबंध नसतो. १९६० च्या दशकातल्या मोठ्या ट्रॅक्टरांवर, उदाहरणार्थ जॉन डिअर ४०२० वर, हीच सोय आहे.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. बेलर जोडून एक ओळ चालवली की तो कळतो. गवताची ओळ कधीच एकसारखी नसते. वळणावर, सखल जागी किंवा रेक जिथे थांबला होता तिथे जाड पुंजका पडलेला असतो. लाइव्ह पीटीओ असेल तर तुम्ही अर्धा क्लच दाबता, ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो, बेलर फिरत राहतो, पुंजका गिळून मोकळा होतो आणि तुम्ही पुढे निघता. गिअरबॉक्समधल्या पीटीओत मात्र क्लच दाबताच बेलरही तोंडात गवत धरून थांबतो. क्लच सोडल्यावर ट्रॅक्टर पुढे काढणं आणि गच्च भरलेला बेलर फिरवणं ही दोन्ही कामं इंजिनावर एकदम येतात. मग एक तर शिअर बोल्ट (फार जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटतो, नाहीतर इंजिन बंद करून ते गवत हातानं उपसावं लागतं. आभाळ भरून आलेलं असताना ही वेळ कुणावर येऊ नये.

या पीटीओचा दुसरा दोष जिवावर बेतणारा आहे. मोअर आणि बेलर यांचे फिरणारे भाग जड असतात. क्लच दाबला तरी ते स्वतःच्या जोरावर फिरत राहतात, तो जोर उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टरला पुढे रेटतो. समोर कुंपण आहे, क्लच पूर्ण दाबलेला आहे, तरी ट्रॅक्टर थांबत नाही. यावर ओव्हररनिंग क्लच हा साधा उपाय आहे. तो पीटीओच्या दांड्यावर बसतो आणि उलटा येणारा जोर अडवतो. तो बसवल्याशिवाय असा ट्रॅक्टर मोअरच्या कामासाठी आम्ही देत नाही. पुंजक्याचा प्रश्न मात्र त्यानं सुटत नाही. म्हणून ८एन रेकला, टेडरला, हलक्या गाडीला जरूर घ्या. बेलरसाठी घेऊ नका.

नावावर भरवसा ठेवू नका. मॅसी फर्ग्युसन ३५ एकेरी क्लचचाही आला आणि दुहेरी, म्हणजे दोन टप्प्यांच्या, क्लचचाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं असेल तर मोकळ्या जागेत, पीटीओला काहीही न जोडता, इंजिन हळू ठेवून पीटीओ चालू करा, पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा आणि क्लच सावकाश दाबा. चाकं थांबून पीटीओ फिरत राहिला तर क्लच दुहेरी आहे. नजर ठेवायला दुसरा माणूस असू द्या आणि तो दांड्यापासून लांब उभा राहू द्या. याच मॉडेलवर पीटीओची लिव्हर एका बाजूला टाकली तर पीटीओ चाकांच्या वेगानं फिरतो. बेलरला ती जागा उपयोगाची नाही, म्हणून चाचणी घेताना लिव्हर कुठे आहे तेही पाहा.

हळू चालतो का?

बेलर आणि मोअर यांना पीटीओ मिनिटाला ५४० फेरे लागतो. इंजिन किती फेऱ्यांवर असताना ५४० मिळतात, याची खूण बहुतेक मीटरवर असते. काटा तिथे ठेवला तर सर्वांत खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर किती हळू जातो? लहान चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरला ताशी ४ ते ८ किलोमीटर ठीक. दाट गवतात त्याहूनही कमी लागतो. फोर्ड ९एनला तीनच गिअर आहेत, ८एनला चार. मॅसी ३५ ला सहा आहेत आणि त्यातले खालचे गवतात फार कामी येतात. पीटीओच्या दांड्यावरचे दातेही मोजा. सहा दाते म्हणजे ५४० चा, एकवीस म्हणजे १००० चा.

आता एचपी

इंजिनाचे एचपी वेगळे, पीटीओवर मिळणारे वेगळे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९२० पासून ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. जुन्या मॉडेलचा पीटीओचा आकडा तिथल्या अहवालात सापडतो. मॅसी फर्ग्युसन १३५ चं डिझेल इंजिन ४५ एचपीच्या आसपासचं, पण पीटीओवर मिळतात सुमारे ३८. आमचा हिशेब असा: रेक आणि टेडरला कोणताही लहान ट्रॅक्टर पुरतो. डिस्क मोअरला कापणीच्या रुंदीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओचे साधारण ५ एचपी धरा. कात्रीसारख्या पात्याच्या मोअरला याच्या निम्म्याहूनही कमी लागतात. लहान चौकोनी बेलरला ३५ असले की काम सुखाचं होतं. गोल गठ्ठ्यांच्या लहान बेलरला ४५ तरी हवेत, मोठ्याला ६० च्या वर.

एचपी पुरले तरी वजन कमी पडू शकतं. बेलर आणि त्यामागे भरलेली गाडी उतारावर हलक्या ट्रॅक्टरला ढकलत नेतात. शेत चढउताराचं असेल तर ब्रेक आणि वजन यांना आम्ही पाच-दहा एचपीपेक्षा जास्त मोल देतो. मॅसी १३५ किंवा १६५ वर मल्टिपॉवर (चालता चालता गिअर 'हाय' किंवा 'लो' करायची सोय) असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मल्टिपॉवर 'लो'वर असताना उतारावर इंजिनाचा अडसर मिळत नाही, ट्रॅक्टर मोकळा धावतो. उतार सुरू होण्याआधीच 'हाय'वर टाका आणि त्यासाठी खालचा गिअर निवडा.

इंजिन, हायड्रोलिक, बाकीचं

ट्रॅक्टर थंड असताना या. आधीच तापवून ठेवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. मॅसी ३५ चं सुरुवातीचं चार सिलिंडरचं डिझेल थंडीत सुरू व्हायला त्रास देतं. नंतरचं तीन सिलिंडरचं पर्किन्स त्या बाबतीत पुष्कळ बरं. ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तासांचा मीटर आम्ही पुरावा मानत नाही, कारण त्याची केबल तुटते आणि मीटरही बदलता येतो. पेडलचे रबर, स्टिअरिंगचा प्ले आणि ड्रॉबारचं (मागचं यंत्र ओढायच्या पट्टीचं) झिजलेलं भोक जास्त खरं सांगतात. दुहेरी क्लच घसरत असेल तर बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. तो खर्च सौद्यातच धरा.

गोल बेलरचं मागचं दार हायड्रोलिकवर उघडतं. जुन्या लहान ट्रॅक्टरांना बाहेर पाइप जोडायची सोय बहुधा नसते, म्हणून ती आधी पाहा.

गवताचा भुसा रेडिएटरची जाळी तासाभरात बुजवतो. तापमानाचा काटा चालू हवा आणि जाळी सहज काढता यायला हवी. सायलेन्सर खालून जाणारा असेल तर त्याच्याभोवती साठलेलं वाळलं गवत पेट घेऊ शकतं. उभा सायलेन्सर केव्हाही बरा.

५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. बाही अडकल्यावर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. दांड्यावरचं कव्हर तुटलेलं असेल तर नवं बसवूनच ट्रॅक्टर न्या. उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट फार जुन्या ट्रॅक्टरांना नसते; ज्या मॉडेलला ती मिळते त्यावर बसवून घ्या आणि सीटबेल्टही लावा. पुढची दोन चाकं जवळजवळ असलेला उंच ट्रॅक्टर उताराच्या गवतात नेऊ नका, त्याऐवजी बुटका आणि रुंद घ्या.

येताना तुमच्या बेलरच्या किंवा मोअरच्या पाटीचा फोटो, त्याचं वजन आणि शेताच्या सर्वांत मोठ्या उताराचा फोटो घेऊन या. शक्य असेल तर यंत्रच आणा. आम्ही ते जोडून देऊ. अर्धा क्लच दाबून चाचणी तुम्ही स्वतः घ्या.