क्लॉक ड्रायव्हर, बायसीमॉस तंत्रातील

आंदोलकाकडून आलेला दुर्बल आवर्ती संकेत तीव्र कडांच्या चौरस तरंगात बदलून अनेक फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारे परिपथ), अंकीय परिवर्तक (सलग संकेताचे नमुने घेऊन त्याचे अंकांत रूपांतर करणारे परिपथ) किंवा लांब तारा यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या परिपथास क्लॉक ड्रायव्हर म्हणतात. एकाच सिलिकॉन चिपवर द्विध्रुवी (बायपोलर) आणि पूरक मॉस (सीमॉस) अशा दोन्ही जातींचे ट्रान्झिस्टर घडवण्याच्या तंत्रास बायसीमॉस म्हणतात. या तंत्रात ड्रायव्हरची रचना करताना कोणते काम कोणत्या ट्रान्झिस्टरकडे द्यायचे आणि एका जातीकडून दुसरीकडे संकेत कसा सोपवायचा, या दोन निर्णयांवर त्याचा नॉइज (संकेतात मिसळणारी नको असलेली चढउतार) मुख्यतः ठरतो.

क्लॉकमधील नॉइज व्होल्टेजच्या रूपाने शिरतो, पण उपद्रव वेळेच्या रूपाने करतो. कडा उंबरठा (ज्या व्होल्टेजला पुढचा परिपथ अवस्था बदलतो ती पातळी) ओलांडत असताना तिच्यावर जितका नॉइज असेल, त्याला त्या क्षणीच्या उताराने भागले की कडेच्या वेळेतील चूक, म्हणजे जिटर, मिळतो. दर नॅनोसेकंदास १ व्होल्ट चढणाऱ्या कडेवर १ मिलिव्होल्ट नॉइज असेल तर जिटर १ पिकोसेकंद होतो. याउलट १० मेगाहर्ट्झच्या, १ व्होल्ट शिखरमूल्याच्या साइन तरंगाचा शून्याजवळचा उतार दर नॅनोसेकंदास सुमारे ०.०६३ व्होल्ट एवढाच असतो. त्यामुळे तोच १ मिलिव्होल्ट तेथे जवळपास १६ पिकोसेकंदांची चूक घडवतो. ही चूक किती महागात पडते हे अंकीय परिवर्तकात स्पष्ट दिसते. १०० मेगाहर्ट्झच्या संकेताचे नमुने १ पिकोसेकंद जिटर असलेल्या क्लॉकने घेतले, तर परिवर्तक कितीही बिटांचा असला तरी संकेत-नॉइज गुणोत्तर सुमारे ६४ डेसिबलच्या वर जात नाही.

म्हणूनच पहिल्या टप्प्याची निवड सर्वांत काळजीने करावी लागते, आणि ती जागा बहुधा द्विध्रुवी ट्रान्झिस्टरची असते. १ मिलिअँपिअर प्रवाहाला तो कक्ष तापमानास सुमारे ३८ मिलिसीमेन्स पारचालकता (निवेशी व्होल्टेजच्या बदलामागे निर्गमी प्रवाह किती बदलतो याचे माप) देतो, जी तेवढ्याच प्रवाहावर मॉस ट्रान्झिस्टरला सहसा गाठता येत नाही. शिवाय कमी वारंवारतेवर वाढत जाणारा फ्लिकर नॉइज मॉसमध्ये बराच अधिक असतो. गेटचे क्षेत्रफळ वाढवून तो कमी करता येतो, पण त्याबरोबर धारिताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते. हा संथ नॉइज आपल्या वारंवारतेपुरता मर्यादित राहत नाही. कडा घडताना तो क्लॉकच्या वारंवारतेभोवती सरकतो आणि वाहक रेषेच्या, म्हणजे वर्णपटातील क्लॉकच्या मूळ वारंवारतेच्या, अगदी जवळ फेज नॉइज (कडांच्या वेळेतील डळमळ) म्हणून दिसतो. तेथून तो गाळणीने काढणे फार कठीण असते.

साइन तरंगाला एकाच झटक्यात चौरस करण्याचा मोह टाळावा. अतिशय रुंद पट्ट्याच्या (वारंवारतांच्या मोठ्या व्याप्तीत काम करणाऱ्या) वर्धकाला मंद कडा दिली, तर तो संपूर्ण पट्ट्यातील नॉइज गोळा करून त्या कडेवर लादतो. त्याऐवजी दोन-तीन टप्प्यांची साखळी घेऊन पहिल्या टप्प्यांचा पट्टा मुद्दाम अरुंद ठेवतात आणि कडा तीव्र होत जाईल तसा पुढच्यांचा वाढवतात. हे टप्पे उत्सर्जक जोडलेल्या भेददर्शी जोड्यांचे (दोन निवेशांतील फरक वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टर-जोड्यांचे) असावेत. अशा जोडीत ठरावीक प्रवाह एका फांदीतून दुसरीत वळतो, ट्रान्झिस्टर संपृक्त होत नाही (पूर्ण उघडून बंद होण्यास मंद होत नाही), आणि पुरवठ्यातून घेतलेला प्रवाह जवळपास स्थिर राहतो. उत्सर्जक-युग्मित लॉजिकमध्ये हेच तत्त्व सुमारे ०.८ व्होल्टच्या झोक्यासह (दोन पातळ्यांतील अंतरासह) वापरतात.

सीमॉस इन्व्हर्टरचे (संकेत उलटवणाऱ्या परिपथाचे) वर्तन याच्या उलट असते: स्थिर अवस्थेत तो जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, पण प्रत्येक कडेला झटका घेतो. चिपला आवरणाच्या पायांशी जोडणाऱ्या तारेचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री धरतात. ५ नॅनोहेन्रीतून १ नॅनोसेकंदात २० मिलिअँपिअरचा बदल झाला, तर ग्राउंड १०० मिलिव्होल्टने उसळते. इन्व्हर्टरचा विलंब पुरवठ्यावर अवलंबून असल्यामुळे ही उसळी थेट वेळेत उतरते. १ व्होल्टवर चालणाऱ्या, ५०० पिकोसेकंद विलंबाच्या साखळीत पुरवठा १० मिलिव्होल्ट हलला तर कडा ५ पिकोसेकंदांच्या आसपास सरकू शकते. द्विध्रुवी टप्प्यात जपून कमावलेले सगळे येथे एका साखळीत गमावता येते.

त्यामुळे माझ्या मते या रचनेतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे पातळी-परिवर्तक, जेथे अर्ध्या-पाऊण व्होल्टचा भेददर्शी संकेत पूर्ण पुरवठ्याइतक्या झोक्याच्या सीमॉस संकेतात बदलतो. हे रूपांतर शक्य तितके भाराजवळ करावे, त्यानंतरच्या इन्व्हर्टरांची संख्या कमी ठेवावी आणि त्यांना स्वतंत्र नियंत्रित पुरवठा द्यावा. दोन पूरक फांद्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या छोट्या इन्व्हर्टरांनी बांधल्या, तर चढती व उतरती कडा समतोल राहतात. पुरवठ्याजवळच्या धारित्राबाबतही आकड्यांवर विसंबून चालत नाही: १०० नॅनोफॅरडच्या धारित्रासोबत १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असला, तर सुमारे १६ मेगाहर्ट्झच्या वर तो धारित्रासारखा वागत नाही. तीव्र कडांसाठी चिपवरचीच धारिता लागते. एकाच सबस्ट्रेटमधून (चिपच्या सामाईक सिलिकॉन पायातून) पसरणारा झटका अडवण्यासाठी संवेदनशील जोडीभोवती संरक्षक कडे आणि खोल एन-विहीर (जोडीला त्या पायापासून वेगळे ठेवणारा एन-प्रकारचा थर) वापरतात.

मोठ्या धारितेचा भार ढकलण्यासाठी मॉसने तर्क आणि द्विध्रुवी ट्रान्झिस्टरने प्रवाह पुरवण्याची जोडरचनाही एके काळी लोकप्रिय होती. १९९३ साली आलेला इंटेलचा पहिला पेंटियम प्रोसेसर ०.८ मायक्रॉनच्या बायसीमॉस प्रक्रियेवर बनवलेला होता. मात्र या रचनेच्या साध्या रूपात निर्गमी झोक्याच्या दोन्ही टोकांना बेस-उत्सर्जक संधीचे सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. ५ व्होल्टवर ते सोसवते, पण पुरवठा ३ व्होल्टच्या खाली गेल्यावर तिचा वेग साध्या सीमॉसपुढे टिकत नाही, म्हणून अंकीय प्रोसेसरांतून ती मागे पडली. सिलिकॉन-जर्मेनियम द्विध्रुवी ट्रान्झिस्टर असलेले बायसीमॉस मात्र प्रकाशतंतू संदेशवहन, रडार आणि वेगवान परिवर्तकांच्या क्लॉक परिपथांत वापरात आहे.