कालव्यावरचा सौर प्रकल्प (बडोदे)

बडोद्यात समा भागाजवळून जाणाऱ्या नर्मदेच्या शाखा कालव्यावर, पाण्याच्या आरपार टाकलेल्या पोलादी सांगाड्यांवर उभारलेला 10 मेगावॅटचा वीजप्रकल्प. जानेवारी 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी 2012 मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासण येथे 1 मेगावॅटचा प्रयोग झाला होता.

मुख्य लाभ जमिनीचा. एरवी 1 मेगावॅटला साधारण 2 हेक्टर लागतात. इथे सुमारे साडेतीन किलोमीटर कालव्यावर काम भागले. सावलीमुळे बाष्पीभवन घटते, शेवाळही कमी धरते. पॅनेलचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की दर अंशाला उत्पादन साधारण 0.4 टक्के घटते. खालच्या पाण्याचा गारवा तिथे थोडा कामी येतो.

अडचण पोलादाची. कालव्याची रुंदी मध्ये खांब न घेता ओलांडायची, वर वाऱ्याचा उचल-दाब सोसायचा, त्यामुळे जमिनीवरच्या प्रकल्पापेक्षा पोलाद बरेच जास्त लागते. नर्मदेच्या रुंद मुख्य कालव्यावर हा खर्च परवडत नाही. दमटपणात जस्ताचा लेप जिथे खरवडला जातो, विशेषतः नट-बोल्टच्या कडांना, तिथून गंज सुरू होतो. कालवा दक्षिणेकडे वळला की पॅनेलची दक्षिणाभिमुख दिशा आणि सांगाड्याची रेषा जुळत नाही. सर्वांत मोठी गैरसोय दुरुस्तीची: गाळ काढायला किंवा अस्तराची फुटलेली फरशी बदलायला यंत्राचा हात वरून आत जात नाही. आखणी करतानाच ठरावीक अंतरावर पॅनेलविना मोकळ्या जागा सोडायला हव्यात.

हे पाणी येते सरदार सरोवरातून, आणि हिशोब तिथूनच मांडला पाहिजे. धरणाची वीजक्षमता 1450 मेगावॅट: नदीपात्रातील वीजघर 1200, कालव्याच्या मुखाशी 250. कालव्याला सोडलेले पाणी मोठ्या वीजघरातून जात नाही, म्हणून सिंचन वाढले की तिथली वीज घटते. विजेत मध्य प्रदेशाचा वाटा 57 टक्के, महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 16. बुडिताची झळ मात्र 245 गावांना लागली. त्यांतली 33 महाराष्ट्रातील, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. कालव्यावर वाचलेले हेक्टर सांगताना ही गावे वगळणे अन्यायाचे आहे.

तरीही धरणाची वीज सौर वीज देत नाही ते देते: संध्याकाळी मागणी चढते तेव्हा दारे उघडून काही मिनिटांत निर्मिती सुरू होते. याची किंमत खालची नदी मोजते. पाणी सोडणे कमी-जास्त होते, आणि प्रवाह रोडावला की भरूचच्या खाडीतले खारे पाणी वर चढते.