रेस हवी तर वळणं द्या

नवी मुंबईत गाड्यांच्या रेसचा विषय निघाला की पाम बीच रोडचं नाव आलंच. वाशीपासून बेलापूरपर्यंत जवळपास १० किलोमीटर, कडेला खारफुटी, रस्ता रुंद आणि बराचसा सरळ. रात्री तिथे गाड्या पळवायचा मोह अनेकांना होतो, तो याच सरळपणामुळे. पण ‘फॉर्म्युला ई’ या विजेच्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेला हा रस्ता दिला, तर ती नको म्हणेल. तिला वाशीच्या सेक्टरांमधले रस्ते जास्त मानवतील: थोडं पळा, काटकोनात वळा, पुन्हा थोडं पळा.

हिशेब करून बघा. २०२३ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीला शर्यतीत वापरायला मिळणारी वीज ४० किलोवॅट-तासांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या लाइट बिलावरचे ४० युनिट. शर्यतीतली मोटरची नेहमीची ताकद ३०० किलोवॅट. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर बॅटरी आठ मिनिटांत रिकामी. तेवढ्यात गाडी ताशी २५० किलोमीटरने गेली, तरी पाम बीच रोड फार तर तीनदा पार होईल. शर्यत मात्र पाऊण तासाच्या घरात चालते.

मग ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमध्ये हुसेन सागरच्या काठी भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली, तिथे गाड्या ९० किलोमीटरहून जास्त धावल्या कशा? सर्किट २.८३ किलोमीटरचं आणि त्यात १८ वळणं. उत्तर त्या वळणांत आहे.

विजेची मोटर उलटीही चालते. तिला वीज दिली की चाक फिरतं आणि बाहेरून चाकाने तिला फिरवलं की तीच वीज देते. फॅरडेने १८३१ मध्ये हे तत्त्व दाखवलं: चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की जवळच्या तारेत वीज निर्माण होते. गंमत पुढे आहे. ही वीज फुकट मिळत नाही. तयार झालेला प्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं करतो आणि ज्या गतीमुळे तो जन्मला, त्याच गतीला विरोध करतो. जुन्या सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की पॅडल जड व्हायचं, ते यामुळेच. रेसच्या गाडीत हा जडपणा म्हणजेच ब्रेक. तिच्या मूळ आराखड्यात तर मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेच नव्हते. मागच्या मोटरने ३५० आणि पुढच्या मोटरने २५० अशी मिळून ६०० किलोवॅट ताकद गाडी थांबवायला वापरायची, आणि थांबवताना बॅटरी भरायची.

चालकासकट गाडीचं किमान वजन ८४० किलो. ती ताशी २०० वरून ६० वर आली, तर तिच्या गतिज ऊर्जेतून साधारण एक तृतीयांश युनिट मोकळं होतं. ६०० किलोवॅटने हे काम दोन सेकंदांत उरकतं. थोडं हवेत, थोडं टायरच्या आणि मोटरच्या उष्णतेत जातं, बाकीचं बॅटरीत परत. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी किमान ४० टक्के अशी ब्रेकमधून येते, असं आयोजक सांगतात.

सरळ रस्त्यावर मात्र खर्चच खर्च. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. हवेला दिलेली ही ऊर्जा कोणतीच मोटर परत आणू शकत नाही. म्हणून चालक सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकची वेळ यायच्या आधीच पाय उचलतो आणि गाडी तशीच वाहू देतो. टीव्हीवर हा चालक आळशी वाटतो. खरं तर तो त्या क्षणी युनिट मोजत असतो, आणि मला या खेळातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो.

२०१४ मध्ये बीजिंगला ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून आपली महिंद्रा रेसिंग त्यात आहे. पहिले चार हंगाम बॅटरी पुरायचीच नाही. चालक अर्ध्या शर्यतीत पिटमध्ये येऊन एका गाडीतून उडी मारून दुसरीत बसायचा. दृश्य जरा केविलवाणंच होतं.

हेच तत्त्व ठाणे-वाशी लोकलमध्येही काम करतं. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असं दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचं म्हणजे ब्रेक भरपूर. नव्या प्रकारच्या लोकल २००७ पासून मुंबईत आल्या, त्यांच्या मोटरी थांबताना वीज थेट ओव्हरहेड वायरमध्ये ढकलतात आणि जवळपासची दुसरी लोकल ती वापरते. लोकलला साठवणुकीची चिंता नाही. गाडीला आहे, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही.

ठाणे किंवा नवी मुंबईतून इलेक्ट्रिक गाडी घेऊन लोणावळ्याला जाणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. दीड टनाची गाडी घाटात सुमारे ५५० मीटर खाली उतरते, तेव्हा दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते आणि तिचा बराच भाग बॅटरीत परत येऊ शकतो. पण वर बॅटरी १०० टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला घेतला, तर ही वीज ठेवायला जागाच नसते. मोटर गाडीला रोखत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि ते तापत जातात. अशा वेळी चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवून निघावं.