यादीत नाव का लागतं? आमच्या गाड्यांची आणि घराची थोडी माहिती

नमस्कार मंडळी,

मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आमच्या खासगी गाड्यांच्या काउंटरवर आम्हाला रोज दोन प्रश्न ऐकायला मिळतात. एक म्हणजे, "ताई, पूर्ण नाव आणि घरचा नंबर कशाला हवाय, पैसे घ्या आणि सीट द्या ना." आणि दुसरा, "काल तुमची गाडी अर्धी रिकामी होती, पनवेलला मी हात दाखवला तरी का थांबली नाही?" रात्री नऊ वाजता एका हातात फोन, समोर दहा माणसं आणि बाहेर गाडी उभी, अशा वेळी याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते सांगायचं तर पणजोबांपासून सुरुवात करायला लागेल, तेव्हा गाडी सुटेपर्यंत वेळ असेल तर वाचा.

पणजोबांची एक सर्व्हिस मोटर होती, म्हणजे एसटीच्या आधीची खासगी प्रवासी गाडी, चिपळूण ते कराड. आता तुम्ही म्हणाल मुंबईच्या कंपनीचा कराडशी काय संबंध, तर तेव्हा चिपळूणहून मुंबईला यायचं म्हणजे बोट. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली जायची, आणि चिपळूणचा माणूस दाभोळला उतरून लाँचनं खाडीतून गोवळकोटला यायचा. पण पावसाळ्यात बोटी बंद. मग मुंबई गाठायची कशी, तर कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं, तिथून रेल्वेनं पुणे आणि पुण्याहून मुंबई, म्हणजे आधी पूर्वेला जाऊन मग वळसा घालून पश्चिमेला. या घाटात पणजोबांची मोटर चालायची.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा देशभर मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवायला लागले, तशी आमचीही. गाडीच्या मागे लोखंडी पिंप बसवलेलं, त्यात लोणारी कोळसा भरायचा, पहाटे अंधारात क्लीनर हातानं पंखा फिरवत बसायचा, निखारे चांगले फुलून गॅस धरला की मग हँडल मारून इंजिन चालू करायचं. या गॅसवर इंजिनला पेट्रोलएवढी ताकद नसायची, त्यामुळे घाटातल्या तीव्र चढावर सगळ्यांना खाली उतरवायचे, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका तेवढ्या गाडीत, बाकीचे मागून चालत, आणि क्लीनर हातात लाकडी गुटका घेऊन मागच्या चाकाच्या बरोबरीनं पळायचा, गाडी जरा मागे सरकते म्हटली की गुटका चाकाखाली. वर पोचलं की पणजोबा डोकी मोजायचे. मोजल्याशिवाय गाडी हलायची नाही, हे आमच्या घरात तेव्हापासून आहे.

मग १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी सुटली, १९५० साली रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनचा कायदा आला, आणि एकेक करत मार्ग सरकारकडे गेले. पणजोबांचाही गेला. घरात याबद्दल बरीच वर्षं राग होता, आजी तर शेवटपर्यंत एसटीला "ती सरकारी" म्हणायची. मला विचाराल तर जे झालं ते बरोबर झालं. सर्व्हिस मोटारवाले गर्दी असेल तिथेच जायचे, एसटी मात्र दोन प्रवासी असले तरी वाडीपर्यंत गेली, शाळेची पोरं तिच्यामुळे शिकली, माझे बाबासुद्धा. आम्ही धंद्यातले असून हे मनापासून सांगतो.

मोटर विकून आजोबा मुंबईला आले आणि परळला गिरणीत फिटर म्हणून लागले. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच झालंय, त्यामुळे फार सांगत नाही. चाळीत गावकीची खोली, एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खाणावळीत. आणि प्रत्येक गावाचं मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ. गणपती आणि शिमगा जवळ आला की मंडळ अख्खी गाडी ठरवायचं, आणि आजोबांना इंजिनातलं कळतं म्हणून गाडी बघायचं, ठरवायचं, सोबत जायचं काम त्यांच्याकडे आलं. तिथून आमची कंपनी सुरू झाली. स्वतःची पहिली गाडी नंतर घेतली, जुनी टाटा, ती पण मंडळाच्या लोकांनी उचल दिली म्हणून.

आणि तिथूनच वही सुरू झाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी, शिसपेन्सिलीनं लिहिलेली. एक पान असं आहे: "खोली १४, माणसं ३, मांडीवर १, ट्रंका २." खाली, "खोली ९, म्हातारी १, गाडी लागते, पुढे बसवणे." त्याच्याखाली, "मखर १, उभं ठेवणे, टेकवू नये." कोण कुठल्या फाट्यावर उतरणार, तिथे न्यायला कोण येणार, हेसुद्धा लिहिलेलं. एवढं लिहायचे कारण रात्री तीन वाजता फाट्यावर उतरवलेल्या बाईमाणसाला न्यायला कोणी आलं नसेल तर गाडी तिथेच थांबायची, बॅटरीचा उजेड दिसेपर्यंत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर. आजोबाही त्यातच. सुरुवातीला लोक म्हणायचे महिनाभरात मिटेल, पण नंतर नंतर गावकीच्या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या आणि माणसं भांडीकुंडी बांधून गावी निघाली. त्या वर्षीच्या पानांवर माणसांच्या आकड्यासमोर पैशांचा आकडाच नाही, नुसतं "बाकी", "बाकी", "बाकी" असं खाली खाली लिहिलेलं आहे. गिरणीचा पगार बंद झाल्यावर आमचं घर गाडीवरच आलं होतं, तरी आजोबांनी कोणाला तिकिटासाठी अडवलं नाही. यातले बरेच पैसे नंतर आले, कोणी आंब्याची पेटी दिली, कोणी दहा वर्षांनी मुलाच्या हातून पाठवले. आले नाहीत त्यांचीही पानं तशीच आहेत.

आता कायद्याचं थोडं, कारण पनवेलच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात प्रवासी गाड्यांचे दोन मुख्य प्रकार. एक टप्पा वाहतूक, म्हणजे एसटी किंवा बेस्टसारखी, थांब्याथांब्यावर माणूस चढणार, उतरणार, टप्प्याचं तिकीट काढणार. दुसरी कंत्राटी वाहतूक, म्हणजे गाडी आधी ठरवलेली, माणसं ठरलेली, आणि करारात नसलेल्या माणसाला वाटेत घ्यायचं नाही. आमचं परमिट दुसऱ्या प्रकारचं. गाडीत प्रवाशांची यादी ठेवावी लागते, आरटीओनं गाडी थांबवली की परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्स, पीयूसी याबरोबर यादी दाखवायची. म्हणजे आजोबांची वही आणि कायद्याची यादी एकच झाली. त्यामुळे सीट रिकामी असली तरी हात दाखवणाऱ्याला घेता येत नाही, आणि अशा चढलेल्या माणसाला काही झालं तर नुकसानभरपाईच्या वेळी त्याचेच हाल होतात.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा बाबांना वाटलं आता संपलं. दोन वर्षं खरंच वाईट गेली. पण स्टेशन एकीकडे आणि गाव भलतीकडे, सणाला वेटिंग लिस्ट, आणि आपली गाडी फाट्यावर सोडते, म्हणून लोक परत आले.

उरलेलं अर्धं उत्तर २०१६ चं आहे. हे मी कधी काउंटरवर सांगितलेलं नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहन नदीत गेलं. आमची गाडी त्या वेळी कोलाडच्या आसपास होती, म्हणजे पुलापासून बरीच अलीकडे, पण हे आम्हाला पहाटे कळलं, कारण पावसात ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता. बातमी पसरल्यावर ऑफिसचे दोन्ही फोन थांबेनात. मी आणि बाबा यादी घेऊन बसलो, फोन आला की नाव बघायचं आणि सांगायचं, हो, आमच्या गाडीत आहेत, गाडी आठला सुटली, म्हणजे पुलापर्यंत पोचलेली नसणार, धीर धरा. एका मावशींचा फोन आला, मुलगा आज निघणार होता, मिळेल त्या गाडीनं येतो म्हणाला, तुमच्याकडे आहे का. मी यादी वरून खाली दोनदा बघितली आणि म्हटलं, मावशी, आमच्या गाडीत नाही.

तो आमच्याच गाडीत होता. पनवेलला पावसात भिजत उभा होता, ड्रायव्हरला दया आली, त्यानं घेतलं, मागच्या सीटवर बसवलं. चांगल्या मनानं घेतलं. मुलाचा फोन भिजून बंद पडलेला. आणि त्याची आई माझ्या "नाही" वर विश्वास ठेवून रात्रभर नदीत गेलेल्या गाड्यांमध्ये त्याला बघत बसली. पहाटे ड्रायव्हरचा फोन लागला, तो म्हणाला माणसं एकोणचाळीस, मी म्हटलं यादीत अडतीस आहेत, तेव्हा कळलं. मी मावशींना फोन केला तेव्हा त्या काही बोललाच नाहीत, नुसता मागून पावसाचा आवाज येत होता, मग फोन कोणीतरी दुसऱ्यानं घेतला. चूक आमची होती. त्यानंतर बाबांनी वाटेत माणूस घेणं पूर्ण बंद केलं, आणि ज्या दिवशी तिकीट काढणाऱ्याचं नाव अर्धवट असेल त्या दिवशी मी स्वतः परत फोन करून विचारते.

तेव्हापासून पद्धत अशी आहे. पनवेल सोडल्यावर क्लीनर यादी घेऊन डोकी मोजतो आणि त्या कागदाचा फोटो ऑफिसला व्हॉट्सअ‍ॅप करतो. झोपलेल्याला उठवलं तर रागावू नका. आणि घरचा जो नंबर आपण देता तो गाडीत नसलेल्या माणसाचा द्या, बरेच जण स्वतःचाच दुसरा नंबर देतात, त्याचा उपयोग नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, बाजारपेठ आणि एसटी स्टँड पाण्याखाली गेलं, तेव्हा आमची गाडी परशुराम घाटाच्या अलीकडेच थांबवली होती. त्या दिवशी यादीवरून प्रत्येकाच्या घरी निरोप गेला, पण चिपळुणातल्या घरांचे फोनच बंद होते, म्हणून आता शक्य असेल तर एक नंबर गावचा आणि एक मुंबईचा द्या.

ड्रायव्हरबद्दल पण विचारतात, अडीचशे किलोमीटरला दोन ड्रायव्हर कशाला, त्यातच भाडं वाढतं. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानं घालून दिलं होतं, दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. आता हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, कधी वडखळला, कधी माणगावला, कधी इंदापूरला दोन-दोन तास अडकतो, मग पाच तास कुठे भरतात ते कळत नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा वेळ वाचतो हे खरं, तरी दुसरा ड्रायव्हर राहणारच. गाडी हॉटेलवर अर्धा तास थांबते ती चहासाठी नाही, ड्रायव्हरला पाठ टेकायला मिळावी म्हणून, त्यामुळे "चला ना, आम्हाला चहा नको" असा आग्रह करू नका.

गणपतीच्या भाड्याबद्दल उघड सांगते. गणपतीआधीच्या चार दिवसांत गाडी मुंबईहून भरून जाते आणि परत येताना पूर्ण रिकामी येते, विसर्जनानंतर बरोबर उलटं. डिझेल, टोल, पगार दोन्ही बाजूंचा लागतो. म्हणून भाडं वाढतं. पण त्याला मर्यादा आहे, २०१८ पासून राज्य सरकारनं खासगी गाड्यांचं कमाल भाडं त्याच प्रकारच्या एसटीच्या दीडपट इतकं ठरवून दिलंय. त्याच्या वर कोणी मागितलं, आमच्या नावानं बाहेर कोणी मागितलं तरी, देऊ नका आणि आरटीओकडे तक्रार करा.

सामानाचं एकच सांगायचंय. डिकीत गॅस सिलेंडर, फटाके, रॉकेल, थिनर काहीही घेणार नाही, गणपतीच्या रंगकामाचं असलं तरी नाही. मागच्या काही वर्षांत आपल्या राज्यात झालेल्या बसच्या आगी सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्यात. चढल्यावर आपल्या सीटजवळचं इमर्जन्सी एक्झिट कुठलं ते बघून ठेवा आणि त्याच्यासमोर पिशव्या रचू नका. आंब्याच्या पेट्या, तांदूळ, सुकी मासळी घट्ट बांधलेली असेल तर चालते, त्यावर नाव आणि गाव मार्करनं लिहा. मखर असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, उभं ठेवायला जागा करतो.

जुनी वही परळच्या ऑफिसात टेबलाच्या डाव्या खणात आहे. काही पानं वाळवीनं गेलीत, बाकी वाचता येतात. आपल्या आजोबांची चाळ आणि खोली नंबर माहीत असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते, बसून शोधू. पान सापडलं तर झेरॉक्स समोरच्याच दुकानात निघते.